पाठ संपल्यानंतरचा अर्धा तास

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तेव्हापासून आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बोलण्यात दुसरा विषय उरलेला नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवेतून बाहेर पडावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली आहे, त्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदोन्नती मिळणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. वीस-पंचवीस वर्षे वर्गात काढलेल्या माणसाने बालमानसशास्त्राची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका सोडवायला बसावे की नाही, यावर माझ्याच शाळेत दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. पण या चर्चेत एक मोठा प्रश्न मागे पडतो आहे असे मला वाटते. शिक्षक चांगला घडावा म्हणून सरकारने इतक्या वर्षांत जे काही केले, त्यातले नेमके काय वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले?

मी २००१ साली डी.एड. झाले आणि पुढच्या वर्षी दरमहा ३,००० रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. त्यानंतर प्रशिक्षणार्थी म्हणून शेकडो तास बसले, काही वर्षे तालुक्याच्या प्रशिक्षणांत सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारी, म्हणून उभी राहिले, आणि आता दरवर्षी माझ्या वर्गात छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, येतात. त्यामुळे या व्यवस्थेची तिन्ही अंगे मी जवळून पाहिली आहेत. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. शिक्षकाला शिकवणारी सर्वात परिणामकारक गोष्ट म्हणजे त्याचा पाठ मागच्या बाकावर बसून नीट पाहिलेल्या जाणत्या माणसाने पाठ संपल्यानंतर त्याच्याशी केलेले अर्ध्या तासाचे बोलणे, आणि सरकारच्या बहुतेक सुधारणा या अर्ध्या तासाला वळसा घालून गेल्या आहेत.

डी.एड.च्या पहिल्या वर्षी मी चौथीच्या वर्गावर अपूर्णांकांचा सरावपाठ घेतला होता. पाठाचे टाचण सुबक होते, फलकलेखन नीटनेटके होते, कागदाच्या घड्या घालून एक द्वितीयांश आणि एक चतुर्थांश दाखवले होते. निरीक्षणाला बसलेल्या बाईंनी पाठानंतर माझ्या टाचणाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी विचारले, "तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं एक तृतीयांशपेक्षा एक चतुर्थांश मोठा, असं का सांगितलं असेल?" मी म्हणाले, तिचे लक्ष नव्हते. त्या म्हणाल्या, "तिचं पूर्ण लक्ष होतं. तीनपेक्षा चार मोठे, हे आपणच तिला तीन वर्षं शिकवलंय." मुलाच्या चुकीत त्याचा विचार असतो आणि शिक्षकाने तो शोधायचा असतो, हे मला त्या दिवशी समजले. तोपर्यंत शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात मी हेच वाक्य निराळ्या शब्दांत पाठ करून लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते. त्या दोन वर्षांत मी घेतलेल्या पाठांपैकी असे बोलणे किती पाठांनंतर झाले, तर एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या. बाकीच्या पाठांच्या निरीक्षण वहीत "आवाज स्पष्ट, फलकलेखन सुधारावे, विद्यार्थी सहभाग चांगला" असे शेरे आहेत आणि त्याखाली सह्या आहेत.

शिक्षकाच्या प्रशिक्षणाची मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर त्यांना नांगर धरता यावा आणि सुताराची वाकस चालवता यावी, असे म्हटले होते. त्याच निवेदनात शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये पगार असावा अशीही मागणी होती. प्रशिक्षण, शिक्षकाची समाजाशी असलेली नाळ आणि त्याचा पगार या तीन गोष्टी त्यांनी एका दमात मांडल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढच्या काळात या तिन्हींचा विचार वेगवेगळ्या खात्यांत आणि वेगवेगळ्या फायलींत होत गेला.

स्वातंत्र्यानंतरच्या प्रयत्नांत १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे निदान मला आजही सर्वात अचूक वाटते. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. शिक्षक-शिक्षण हे विद्यापीठाच्या ज्ञानजीवनापासून तुटलेले आहे, शाळांपासून तुटलेले आहे आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे आयोगाने म्हटले आणि हा तुटकपणा मोडण्याची शिफारस केली. प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे, असेही आयोगाने सुचवले होते. पुढच्या साठ वर्षांतल्या योजना पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी या तुटकपणाचेच कोणते ना कोणते रूप आढळते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक-शिक्षण ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे आणि सेवापूर्व व सेवांतर्गत शिक्षण वेगळे करता येत नाही, असे स्पष्ट म्हटले. त्यातूनच १९८७ पासून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या डाएट, उभ्या राहू लागल्या. ही कल्पना मला अजूनही या क्षेत्रातली सर्वात चांगली सरकारी कल्पना वाटते. जिल्ह्यातल्या शाळा ज्यांना ठाऊक आहेत अशा अभ्यासू माणसांची एक संस्था जिल्ह्यातच असावी, तिने नवे शिक्षक घडवावेत, जुन्यांना साथ द्यावी आणि स्थानिक अडचणींवर संशोधन करावे, अशी ती रचना होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९७३ पासून सल्लागार मंडळ म्हणून काम करत होती. १९९३ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये ती नव्या रूपात अस्तित्वात आली. अभ्यासक्रमांना मान्यता देणे, निकष ठरवणे आणि निकष न पाळणाऱ्यांची मान्यता काढून घेणे हे तिचे काम होते.

पुढे काय झाले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड. महाविद्यालये इतक्या वेगाने उघडली गेली की जिथे धड माध्यमिक शाळा चालत नव्हती, तिथेही अध्यापक विद्यालयाचा फलक लागला. बारावीनंतर दोन वर्षांत नोकरीची खात्री, अशी समजूत गावोगाव पसरली आणि शेत गहाण ठेवून मुलींना डी.एड.ला घालणारे पालक मी पाहिले. मग पटसंख्या कमी होऊ लागली, भरती थांबली, मे २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली, आणि तीच महाविद्यालये विद्यार्थ्यांअभावी एकामागून एक बंद पडली. दोन वर्षे शिकून, पदविका हातात घेऊन, पुढची दहा वर्षे वयोमर्यादेकडे डोळे लावून बसलेल्या त्या मुलामुलींचे जे नुकसान झाले, त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

या महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ साली आलेल्या त्याच्या अहवालातून देशभरातल्या शिक्षक-शिक्षणाचे चित्र समोर आले. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी क्षेत्रात आहेत, हे त्यातून पुढे आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच आयोगाचा हवाला देऊन असे लिहिले आहे की, दहा हजारांहून अधिक असलेल्या एकल (केवळ शिक्षक-शिक्षण देणाऱ्या) संस्थांपैकी बहुसंख्य संस्था शिक्षक घडवण्याचा गंभीर प्रयत्नही करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकत आहेत. सरकारने आपल्याच धोरणपत्रात हे वाक्य छापले, याचे मला समाधान वाटले होते, कारण रोगाचे नाव घेतल्याशिवाय औषध ठरत नाही. पण मान्यता देणारी यंत्रणा या काळात अस्तित्वात होती आणि तिच्याच शिक्क्याने ही महाविद्यालये चालत होती. इमारतीचे चौरस फूट, ग्रंथालयातली पुस्तके आणि प्राध्यापकांच्या नेमणुकीची पत्रे या गोष्टी तपासणी पथकाला मोजता येतात. सरावपाठानंतर छात्राध्यापकाशी कोण काय बोलले, हे मोजण्याची सोय तपासणीच्या नमुन्यात नव्हती.

वर्मा आयोगानंतरची मोठी सुधारणा म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४ चे विनियम. २०१५-१६ पासून बी.एड. एक वर्षावरून दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढणे बंधनकारक ठरले, त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात. कागदावर हा बदल मला मनापासून पटला. एका वर्षात सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, सरावपाठ आणि लेखी परीक्षा अशी जी धावपळ व्हायची, तिच्यात कोणाला विचार करायला उसंत मिळत नसे. प्रत्यक्षात वाढलेला वेळ कसा वापरला गेला, ते मात्र जागोजागी वेगळे आहे.

छात्राध्यापक शाळेत येतात तेव्हा त्या शाळेला काय दिसते, ते सांगितले पाहिजे. शाळेत दोन पदे रिक्त असतात, एक शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेलेला असतो, आणि त्याच वेळी दहा तरुण माणसे दारात उभी राहतात. मुख्याध्यापक त्यांना मोकळ्या वर्गांवर पाठवतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच केले असते. ती मुले आठवडेच्या आठवडे वर्ग सांभाळतात, हजेऱ्या भरतात, पोषण आहाराच्या नोंदी करतात. यातून त्यांना शाळा कशी चालते ते कळते, आणि ते मौल्यवानच आहे. पण त्यांचा पाठ पाहायला महाविद्यालयातून कोणी आले, तर ते एका दिवसात आठ पाठ पाहून जाते, आणि ज्या शाळेत ही मुले शिकवत असतात तिथल्या शिक्षकाला मार्गदर्शक म्हणून कसलीही तयारी, वेळ किंवा मान दिलेला नसतो. माझ्याकडे पहिल्यांदा छात्राध्यापिका आली तेव्हा मला तिच्याबरोबर नेमके काय करायचे हे सांगणारा एक कागदही तिच्यासोबत आला नव्हता. मूल्यमापनाचा तक्ता आला होता. मी माझ्या त्या बाईंची आठवण काढून जमेल तसे केले. सोळा आठवड्यांतले आठवड्याला दोन पाठ जरी कोणी नीट पाहिले आणि त्यांवर बोलले, तरी बत्तीस चर्चा होतात. मला माझ्या संपूर्ण प्रशिक्षणात त्याच्या निम्म्यादेखील मिळाल्या नव्हत्या.

शिक्षक पात्रता परीक्षेविषयी थोडेच लिहिते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ही परीक्षा अनिवार्य करणारी अधिसूचना काढली आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. १५० गुणांत किमान ६० टक्के मिळवणे, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी ९० गुण, ही अट मला अवाजवी वाटत नाही. ज्याला पाचवीच्या गणितात अडचण आहे त्याने पाचवीला गणित शिकवू नये, एवढी किमान गाळणी असलीच पाहिजे. परंतु २०१९-२० च्या परीक्षेतला गैरप्रकार उघड होऊन २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, तेव्हा प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या माझ्या कितीतरी तरुण सहकाऱ्यांकडे लोक संशयाने पाहू लागले, याचे दुःख मोठे आहे. आणि गाळणी कितीही बारीक केली, तरी तिच्यातून येणाऱ्या माणसाला घडवण्याचे काम गाळणी करत नाही. सरकारने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारा लाखांहून अधिक शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने डी.एल.एड. (डी.एड.चेच नवे नाव) करण्याची सोय केली, हा प्रयत्न आकाराने थक्क करणारा होता. इतक्या मोठ्या संख्येपुढे प्रत्येकाचा पाठ कोणी पाहिला असेल, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

सेवांतर्गत प्रशिक्षण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण त्यात मी दोन्ही बाजूंनी होते. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शिक्षकाला वर्षाला २० दिवसांपर्यंत प्रशिक्षणाची तरतूद होती, तालुक्याला गट साधन केंद्र आणि त्याखाली शाळांच्या छोट्या गटासाठी समूह साधन केंद्र उभे राहिले होते. रचना सोपी होती. पुण्यात राज्यस्तरावर थोड्या लोकांना प्रशिक्षण, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. मी एकदा गणिताच्या प्रशिक्षणासाठी जिल्हास्तरावर गेले होते. तिथे आम्ही मुलांच्या वह्या समोर ठेवून जवळजवळ तीन तास फक्त चुकांवर बोललो. वजाबाकीत हातचा घेताना मुलगा नेहमी लहान अंक मोठ्यातून वजा का करतो, दशांश अपूर्णांकात ०.१५ हा ०.२ पेक्षा मोठा का वाटतो, अशा प्रश्नांवर वाद झाले, आणि चहाच्या वेळीही कोणी उठले नाही. त्यानंतर तालुक्याला तेच प्रशिक्षण मी घेतले. माझ्यापुढे साठ शिक्षक होते, वह्या नव्हत्या, वेळापत्रकात त्या घटकासाठी पाऊण तास होता आणि दुपारनंतर उपस्थितीची माहिती वर पाठवायची होती. मी घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाचे ठरवून दिलेले साहित्य, वाचून दाखवला, दोन उदाहरणे दिली आणि पुढच्या घटकाकडे गेले. केंद्राच्या पातळीवर त्याचे काय झाले, ते मला नंतर एका मैत्रिणीने सांगितले: घटकसंचाची छायाप्रत सर्वांना वाटण्यात आली. यात कोणाचा आळस नव्हता. आमच्यातला प्रत्येक जण आपल्या परीने राबत होता. ज्या गोष्टीचा प्राण चर्चेत होता ती गोष्ट चार पायऱ्या उतरताना माहिती होऊन गेली.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत शिक्षक-शिक्षणाची जुनी योजना विलीन झाली. पुढच्याच वर्षी, २१ ऑगस्ट २०१९ रोजी, सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षक आणि शाळाप्रमुखांना डोळ्यांसमोर ठेवून 'निष्ठा' कार्यक्रम सुरू झाला. कोरोनाच्या काळात तो २०१७ पासून असलेल्या 'दीक्षा' या मंचावर ऑनलाइन आला आणि १८ घटकसंच आम्ही मोबाइलवर पूर्ण केले. ऑनलाइन पद्धतीचा मोठा फायदा मी मान्य करते. दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकाला आणि शहरातल्या शिक्षकाला तोच तज्ज्ञ, तेच शब्द, मधली झीज न होता मिळतात. भाषाशिक्षणावरचे आणि पायाभूत साक्षरतेवरचे काही घटक इतके चांगले आहेत की मी ते दोनदा पाहिले. पण मोबाइलच्या पडद्यावर चित्रफीत चालू असते आणि शिक्षक त्याच वेळी शालेय माहितीच्या रकान्यांत आकडे भरत असतो, शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरे गटात आधीच फिरलेली असतात, आणि तालुक्याला पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी रोज विचारली जाते. ज्या व्यवस्थेत प्रमाणपत्र मोजले जाते, तिथे माणसे प्रमाणपत्रच मिळवतात. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी जी प्रशिक्षणे घ्यावी लागतात, त्यांतही मला हेच दिसले. वेतनाचा लाभ त्यांना जोडलेला असल्यामुळे उपस्थिती पूर्ण असते, आणि वर्गात परतल्यावर काय बदलले हे विचारायला कोणी येत नाही.

जे घडले आणि खरोखर टिकले, तेही सांगितले पाहिजे, नाही तर हा लेख एकांगी होईल. २०१५ च्या जूनमध्ये राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या आगेमागे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. आम्हीही गेलो होतो, स्वखर्चाने, एका जीपमधून. तिथे आम्हाला व्याख्यान ऐकायचे नव्हते. आमच्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, आमच्यासारखीच मुले गटांत बसून एकमेकांना वाचून दाखवत होती, जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर आकडे मांडत होती, आणि त्यांच्या शिक्षिकेला आम्ही वाटेल ते विचारू शकत होतो. त्यानंतर राज्यात जमिनीवर रंगवलेल्या तक्त्यांची जी लाट आली, तिच्यात पुष्कळ ठिकाणी रंग आला आणि विचार राहून गेला, हे खरे आहे. पण दुसऱ्याचा वर्ग पाहून आलेल्या शिक्षकांनी परतल्यावर स्वतःहून बदल केले, हे मी माझ्या केंद्रात पाहिले. त्या भेटीनंतर आम्ही चार जणींनी वर्षभर महिन्यातून एकदा एकमेकींचा एक पाठ पाहायचा असे ठरवले. पहिल्या दोन महिन्यांत आम्ही एकमेकींचे फक्त कौतुक केले. तिसऱ्या महिन्यात एकीने मला सांगितले की, मी प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी दोन सेकंदही थांबत नाही. शिकवायला लागून तेरा वर्षे झाली होती आणि हे मला कोणीही सांगितले नव्हते.

आता २०२० च्या धोरणाकडे येते. २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल आणि ती बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत मिळेल, असे धोरण सांगते. ही कल्पना नवी नाही. भोपाळ, म्हैसूर, अजमेर आणि भुवनेश्वर इथल्या प्रादेशिक शिक्षण संस्थांत असा अभ्यासक्रम साठच्या दशकापासून आहे, आणि दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली चार वर्षांची प्राथमिक शिक्षणातली पदवी सुरू केली. आता २०२३-२४ मध्ये ५७ संस्थांपासून एकात्मिक अभ्यासक्रमाची सुरुवात झाली आहे. बारावीनंतर ठरवून शिक्षक होऊ पाहणारी मुले इतिहासाच्या, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसोबत एकाच आवारात चार वर्षे शिकतील, तर कोठारी आयोगाने दाखवलेला पहिला तुटकपणा खरोखर मोडेल, अशी आशा मला आहे. दुसरीकडे, २०२५ च्या विनियमांच्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा आणण्याचा प्रस्ताव आला. दहा वर्षांपूर्वी एक वर्ष अपुरे आहे म्हणून दोन वर्षे केली होती. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा हा प्रश्न आपण इतक्यांदा सोडवला आहे, की त्या वर्षांत शिकवणारा कोण, हा प्रश्न विचारायला वेळच उरत नाही.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात दुर्लक्षित माणूस हा शिक्षकांचा शिक्षक आहे. प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या अध्यापक विद्यालयात नेमणुकीसाठी पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. लागते, पहिली-दुसरीच्या वर्गावर दोन-तीन वर्षे उभे राहिल्याचा अनुभव असलाच पाहिजे, असे नाही. ज्याने कधी सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवले नाही, त्याने वाचन कसे शिकवावे हे शिकवायचे असते. डाएटमधली रिक्त पदे हा तर नेहमीचाच विषय आहे. मी पाहिलेल्या एका डाएटमध्ये एकेका अधिव्याख्यात्याकडे तीन-तीन विभागांचा कार्यभार होता आणि त्यांचा दिवस राज्याकडून आलेल्या माहितीच्या मागण्या पूर्ण करण्यात जात होता. त्यांच्यातले एक सर मला म्हणाले होते, "या वर्षात मी शाळेत पाठ पाहायला चार वेळा गेलो, आणि ते चारही वेळा कुणीतरी अधिकारी येणार होते म्हणून." केंद्रप्रमुखांचेही तसेच. त्यांचे मूळ काम शैक्षणिक मार्गदर्शनाचे आहे, पण त्यांची बरीच पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि जे पदावर आहेत ते अहवाल गोळा करतात.

केंद्र सरकारने देशातल्या कार्यरत ६१३ डाएट पाच वर्षांत उत्कृष्टता केंद्रे म्हणून विकसित करण्याची योजना हाती घेतली आहे. इमारती, प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष होतील, ते हवेच आहेत. या योजनेबरोबर अधिव्याख्यात्यांची सर्व पदे भरली गेली आणि त्यांच्या कामाच्या तासांपैकी निम्मे तास शाळांत जाण्यासाठी राखले गेले, तर १९८७ साली पाहिलेले स्वप्न पहिल्यांदा पूर्ण ताकदीने उभे राहील.

धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. राज्याने या ५० तासांपैकी किमान १० तास एकमेकांचे पाठ पाहण्यासाठी आणि त्यानंतरच्या चर्चेसाठी धरावेत, आणि ते ऑनलाइन घटकसंचाइतकेच ग्राह्य मानावेत, अशी माझी मागणी आहे. मी हे सुचवले तेव्हा एका दोनशिक्षकी शाळेतल्या सहकाऱ्याने लगेच विचारले की, एक जण दुसऱ्या शाळेत पाठ पाहायला गेला तर त्याचे दोन वर्ग कोण सांभाळणार. हा प्रश्न खरा आहे, आणि आंतरवासितेवर आलेल्या छात्राध्यापकांवर ते वर्ग सोपवणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आमच्या केंद्रात आम्ही सध्या दोन गोष्टी करून पाहत आहोत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, त्या आठवड्यात मोबाइलवर चित्रित केलेला एकीचा वीस मिनिटांचा पाठ आम्ही एकत्र पाहतो. आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेतला पहिला तास आम्ही केंद्रप्रमुखांकडून मागून घेतला आहे, ज्यात परिपत्रके वाचली जात नाहीत. चित्रीकरणात मुलांचे चेहरे नीट दिसत नाहीत आणि मागच्या रांगेचा आवाज येत नाही, त्यामुळे कोणीतरी प्रत्यक्ष बसण्याची सर त्याला नाही. तरीही गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याचा गुणाकाराचा पाठ पाहताना, चित्रफीत थांबवून, आम्ही चाळीस मिनिटे एकाच मुलाच्या एका उत्तरावर बोललो.